आगटेकाकांचा रीडबॅक

आगटेकाकांना 'हो' चालत नसे. 'बरं', 'ठीक आहे', 'चालेल' यांतलंही काही चालत नसे. "शनिवारी सात वाजता जेवायला ये, मागच्या दाराने, पुढचं दार अडकतं," असं ते म्हणाले की आपण म्हणायचं, "शनिवारी सात वाजता, जेवायला, मागच्या दाराने." मग ते डोळे मिटायचे, मान एकदाच हलवायचे आणि म्हणायचे, "करेक्ट." पुढचं दार अडकतं, हे परत म्हणायची गरज नव्हती. ती माहिती झाली, सूचना नव्हे. हा फरक मला कळायला दीड वर्ष लागलं.

ऐंशीच्या दशकात मी इंग्लंडात, मेडनहेडला राहायला आलो तेव्हा ते दोन घरं सोडून राहत. मी जवळच्या हॉस्पिटलात रजिस्ट्रार, म्हणजे मधल्या पायरीचा डॉक्टर, होतो आणि ते एअर ट्रॅफिक कंट्रोलर. म्हणजे एका अंधाऱ्या खोलीत रडारसमोर बसून, कानाला हेडसेट लावून, विमानांना वर जा, खाली ये, वळ असं सांगायचं. सांगितलेलं पायलटने परत म्हणून दाखवायचं आणि आपण ते ऐकून बरोबर की चूक ते ठरवायचं. याला रीडबॅक म्हणतात. जगातली सगळी विमानं रीडबॅकवर तरंगतात, असं काकांचं ठाम मत होतं. खाली जमिनीवरची माणसं त्याशिवाय कशी जगतात याचंच त्यांना नवल वाटे.

मग ती माणसं सुधारण्याचं काम त्यांनी अंगावर घेतलं. फिश-अँड-चिप्सच्या दुकानात शुक्रवारची रांग दारापर्यंत गेलेली असताना ते दुकानदाराला सांगायचे, "रीड बॅक, प्लीज." तो बिचारा दोन कॉड, एक चिप्स, व्हिनेगर नको, असं पाठ म्हणायचा आणि मागे अख्खी रांग आभाळाकडे बघत उभी राहायची. आमच्याकडे सत्यनारायण झाला तेव्हा मात्र काका खुलले. गुरुजी म्हणत होते आणि मी यजमान म्हणून मागून म्हणत होतो. संकल्प संपल्यावर काका काकूंना म्हणाले, "बघ, पूर्वजांना सगळं ठाऊक होतं." फक्त गुरुजी शेवटी 'करेक्ट' म्हणत नाहीत, ही त्रुटी त्यांनी प्रसाद घेताना गुरुजींच्या कानावर घातली.

आम्ही हसायचो. माणसाचा कुणावर विश्वास म्हणून नाही, असं आपसात बोलायचो. पुढे ते रडारसमोरून उठून नव्या मुलांना शिकवायला लागले. आम्हाला वाटलं, बढती मिळाली.

काकू गेल्यावर त्यांना एक रोहिणीच उरली. ही त्यांची मुलगी, इथेच जन्मलेली, लीड्सच्या एका हॉस्पिटलात डॉक्टर. दर रविवारी ती फोन करायची. मग पंधरवड्याने, मग महिन्याने, आणि नव्वद साल उलटल्यावर कधीतरी तिचे फोन थांबले. काका तसं कुणाला बोलले नाहीत. मला कळलं, कारण मी लीड्सला एका कोर्सला निघालो तेव्हा त्यांनी मला घरी बोलावून निरोप दिला.

"तिला सांग, गणपतीला ये. शनिवारी. तिची खोली आवरून ठेवलीय. आणि सांग, मी काहीही परत म्हणायला लावणार नाही."

हे त्यांनी माझ्याकडून तीनदा परत म्हणवून घेतलं.

लीड्सला हॉस्पिटलच्या कॅन्टीनमध्ये रोहिणी भेटली. मला नकला करायची खोड आहे आणि समोर हसणारं माणूस असलं की ती आवरत नाही. मी खुर्चीत ताठ बसलो, डोळे मिटले आणि काकांच्या आवाजात सुरू केलं, "गणपती. शनिवार. खोली, आवरलेली. रीड बॅक, प्लीज." रोहिणी हसून हसून लाल झाली. मला चेव आला. मी मान हलवून "करेक्ट" म्हणालो. तेव्हा तिचं हसू गेलं.

"अजून सेमच करतो बाबा?" ती म्हणाली. "मला नाही जमत आता, अविदादा. त्याला सांगा, आय ॲम ऑन कॉल."

निरोपातलं शेवटचं वाक्य, परत म्हणायला लावणार नाही हे, मी तिला सांगितलंच नाही. मोटरवेवर आल्यावर आठवलं. घरी जाऊन फोन करू म्हटलं, आणि घरी आल्यावर राहून गेलं. याला माझ्याकडे आजही काही सबब नाही.

ती ऑन कॉल, म्हणजे ड्युटीवर आहे, हे मात्र मी काकांना सांगितलं. तरी त्या शनिवारी त्यांनी सगळ्यांना बजावलं होतं, फोन करू नका, लाइन मोकळी हवी. वेम्बलीहून तांदळाची पिठी आणून त्यांनी स्वतः मोदक केले होते. अर्धे फुटले होते. आम्ही आरतीला गेलो तर एक ताट जास्त मांडलेलं. नऊ वाजेपर्यंत ते तसंच राहिलं आणि मी त्या ताटाकडे पाठ करून जेवलो.

तीन दिवसांनी मला राहवेना. मी जाऊन सगळं कबूल केलं. काका रागावले नाहीत. त्यांनी चहा टाकला आणि जे कधी सांगितलं नव्हतं ते सांगितलं.

"तू इथे यायच्या आधी मी एका विमानाला आठ हजार फुटांवर यायला सांगितलं होतं. पायलटने सहा हजार म्हणून दाखवलं. मी म्हणालो, करेक्ट. सात हजारावर दुसरं विमान होतं." त्यांनी चहा गाळला. "त्यांनी एकमेकांना पाहिलं, वळली. कुणाला खरचटलंही नाही. पण चौकशीत टेप लावली ना, त्यात त्याचं सहा हजार अगदी स्पष्ट आहे. मी पुढच्या विमानाला काय सांगायचं ते मनात जुळवत होतो. त्यानंतर काही वर्षं कशीबशी काढली आणि मग मी स्वतःच हेडसेट ठेवला."

इतकी वर्षं आम्ही समजत होतो, यांचा आमच्यावर विश्वास नाही. त्यांचा स्वतःच्या कानांवर नव्हता. मला भयंकर लाज वाटली.

"ती नक्कल कर बघू," काका म्हणाले.

"काका, नको."

"कर."

मी केली. कॅन्टीनमध्ये केली होती तशीच, मान हलवण्यासकट. ते शेवटपर्यंत माझ्याकडे बघत राहिले.

"मी असाच बोलतो," ते म्हणाले. "पोर फोन करील कशाला?"

मग उठून त्यांनी लीड्सचा नंबर फिरवला. "रोहिणी, बाबा बोलतोय. तू बोल, मी नुसता ऐकतो," एवढंच म्हणाले आणि भिंतीला टेकून उभे राहिले. मी कप विसळले, पुसले, कपाटात ठेवले. वीसेक मिनिटांनी त्यांनी रिसीव्हर ठेवला.

"तिला गेल्या वर्षी इकडे, स्लाउला नोकरी मिळत होती," ते म्हणाले. "माझ्याजवळ राहायला येऊ का, म्हणून तिनं फोनवर तीनदा विचारलं होतं. तिन्ही वेळा मी तिचं वाक्य तिला जसंच्या तसं परत म्हणून दाखवलं म्हणे, हो म्हटलंच नाही. आणि मग हवामानाचं विचारलं."

स्लाउची ती जागा केव्हाच भरली होती.