मालतीताईंच्या गॅलरीतला मेंढा

मालतीताई सबनीसांना कुणी मोठा आकडा सांगितला की त्या विचारतात, "त्यात बाप किती?"

माझी बँकेतून कोलकात्याला बदली झाली आणि आम्हाला डमडमला त्यांच्या शेजारचा फ्लॅट मिळाला. त्याच महिन्यात मराठी मंडळाच्या गणपतीत हा प्रश्न मी पहिल्यांदा ऐकला. एक गृहस्थ सांगत होते की गावाकडे त्यांच्या गोठ्यात तीस खिलार गाई आहेत, अगदी शुद्ध. ताईंनी मोदक बशीत ठेवला आणि विचारलं. वळू एकच आहे, असं ते गोंधळून म्हणाले. "मग कळप कसला, एका घरच्या लेकी त्या," म्हणत ताईंनी मोदक उचलला. 'शुद्ध' हा शब्द त्यांना तुपापुरताच चालतो.

ताई मूळच्या सांगलीच्या, पशुआनुवंशिकीच्या शास्त्रज्ञ. सुंदरबनात गारोल नावाची बुटकी मेंढी असते. ती खाऱ्या चिखलात चरते आणि तिला पुष्कळदा जुळी होतात. आपल्या दख्खनी मेंढीलाही जुळी व्हावीत म्हणून गारोलचे मेंढे महाराष्ट्रात नेले गेले, त्या कामासाठी ताई तरुणपणी इथे आल्या. काम संपलं, पुढे नोकरीही संपली. ताई राहिल्या, एकट्याच.

आता त्या स्वतःच्या हौसेने गावागावांतल्या नर मेंढ्यांची अदलाबदल करतात. त्यामागचं कारण कुणालाही समजावतात, अगदी लिफ्टमध्येसुद्धा. दांडगे मेंढे मटणाला आधी विकले जातात, गावात एखादाच उरतो, आणि काही पिढ्यांत सगळा कळप त्याच्याच लेकीनातींचा होतो. मग कोकरं अशक्त निपजतात. "जात अशीच संपते," त्या म्हणतात, "डोकी भरपूर दिसत असताना."

गेल्या वर्षी एका शनिवारी, दोरी धरायला कुणीतरी हवं म्हणून, त्यांनी मला सुंदरबनाच्या तोंडाशी असलेल्या कॅनिंगच्या पुढच्या एका गावात नेलं. तिथल्या मिनती मंडलचा मेंढा नदीपलीकडच्या बशीरभाईंकडे द्यायचा होता आणि त्यांचा मिनतीकडे आणायचा होता. मिनती काही केल्या तयार होईना. मेंढ्याची आई मेल्यावर तिनेच त्याला बाटलीने दूध पाजून वाढवलं होतं. ताईंनी तिला बंगालीत विचारलं, मुलाचं लग्न सख्ख्या बहिणीशी लावशील का? मिनतीची सासू उठून आत गेली. आता आपल्याला हाकलतात, असं मला वाटलं.

मिनती बराच वेळ मेंढ्याच्या कानामागे खाजवत राहिली. मग म्हणाली, "दीदी, यंदाची तिन्ही कोकरं मेलेलीच जन्मली." आणि तिने दोरी ताईंच्या हातात दिली.

नदीवर आलो तर वादळाचा इशारा लागून लाँच बंद झालेली. मेंढा परत नेला तर मिनती पुन्हा देणार नाही, असं ताईंचं म्हणणं. म्हणून तो आमच्याबरोबर भाजीवाल्यांच्या डब्यातून सियालदहला आला, तिथून गाडी बदलून डमडमला, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या ताईंच्या गॅलरीत उभा राहिला. सोसायटीचे सेक्रेटरी घोषबाबू जाब विचारायला आले. तासाभराने ते गारोलच्या वंशावळीबद्दल सगळं ऐकून, थकून घरी गेले.

आमची आणि ताईंची गॅलरी लागून. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना शुभदाने, माझ्या बायकोने, मला खुणेने गप्प केलं. पलीकडे ताई बोलत होत्या. डाळ कशी लागली ते सांगत होत्या, गुडघा कधीपासून दुखतोय ते, सांगलीच्या घरामागचं पेरूचं झाड भावाने तोडलं ते. अगदी घरगुती, संथ मराठीत. मधूनच मेंढा पाला चावत असल्याचा आवाज येई. आमच्याशी त्या कधी मेंढ्यांखेरीज दुसऱ्या कशाबद्दल बोलल्या नव्हत्या.

लाँच सुरू झाल्याचा बशीरभाईंचा फोन आला. मी निघू या म्हणालो, तर ताई म्हणाल्या की नदी अजून चढलेली असेल, उद्या जाऊ. उद्या आला तेव्हा म्हणाल्या, त्याला जरा सर्दी वाटते. तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच दोरी सोडली. त्याला आम्ही बशीरभाईंकडे सोडला आणि त्यांचा मेंढा मिनतीकडे पोचवला. परतीच्या गाडीत ताई रिकामी दोरी हाताला गुंडाळत बसल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी शुभदा चहाचे दोन कप घेऊन त्यांच्याकडे गेली. मी आमच्या गॅलरीतून ऐकत होतो.

"काही काम होतं का?" ताईंनी विचारलं.

"नाही. बसायला आले."

मग दुसऱ्या खुर्चीवरचे कागद उचलून खाली ठेवल्याचा आवाज आला, आणि खुर्ची सरकवल्याचा.

"गुडघ्याची सूज पाच दिवसांनी उतरली गं," ताई म्हणाल्या. "काल स्टेशनचा जिना चढताना कळलं."