पाहुण्या पक्ष्याच्या स्वागताची कार्यपद्धती

माणसाने निसर्गावर प्रेम करावे की नाही, हा प्रश्न आता निकालात निघाला आहे. करावेच. मुद्दा उरला आहे तो एवढाच, की किती अंतरावरून करावे आणि त्यासाठी केवढी लेन्स लागते.

आमच्या शहराबाहेर एक पाणथळ जागा आहे. पूर्वी तिला सगळे नुसते 'ते डबके' म्हणत. हिवाळ्यात तिथे परदेशातून पक्षी उतरतात हे उघडकीस आले, तसा तिचा दर्जा वाढला आणि पक्षीछायाचित्रण मंडळ स्थापन झाले. (पक्ष्यांच्या नावांबद्दल मंडळात तीव्र मतभेद आहेत. गाड्या काठच्या गवतात लावण्याबद्दल एकमत आहे. तिथे पक्षी फक्त झोपतात.)

मंडळाचे अध्यक्ष दातांचे डॉक्टर आहेत. कोणत्याही जिवाने मान तिरकी करून, आ वासून, अजिबात न हलता बसावे ही त्यांची अपेक्षा व्यवसायातूनच आलेली आहे. आमचे साडू विमा कार्यालयात दावे फेटाळण्याच्या विभागात असल्यामुळे त्यांच्याकडे अपार चिकाटी आहे. मी त्यांच्याबरोबर जातो, कारण निवृत्त माणूस सकाळी घरात नसावा असे आमच्या घरचे धोरण आहे. माझ्याकडे चहाचा थर्मास असतो.

आणि असते माझी मेव्हणी, म्हणजे साडूंची बायको. ती इस्पितळात रात्रपाळीची नर्स आहे. तिची पाळी संपते तेव्हा साडूंची निघायची वेळ होते आणि गाडी एकच. म्हणून साडू तिला इस्पितळाच्या दारातून उचलतात आणि थेट चिखलाच्या काठाला आणून सोडतात. ती घडीच्या स्टुलावर बसल्या बसल्या झोपते. "निसर्गाच्या सान्निध्यात किती शांत वाटतं हिला, बघा," असे साडू कौतुकाने सांगतात आणि तिला हलवून उठवतात, कारण दुसरी बॅटरी तिच्या पर्समध्ये असते.

यंदा ऐन थंडीत एक तपकिरी, लांब चोचीचा पक्षी एकटाच उतरला. असा पक्षी अध्यक्षांनीही फक्त पुस्तकात पाहिला होता. डोंगर, वाळवंट, समुद्र, सगळे पार करून वाटेत कुठेही न टेकता आलेला पाहुणा तो. आला, एका पायावर उभा राहिला, चोच पाठीच्या पिसांत खुपसली आणि झोपला.

मंडळाची घोर निराशा झाली.

झोपलेला पक्षी फोटोत ढेकळासारखा दिसतो. त्यात मंडळाच्या हिवाळी प्रदर्शनाला फक्त उडत्या पक्ष्यांचे फोटो चालतात (बसलेल्या पक्ष्याच्या फोटोला मंडळात 'ओळखपत्र' म्हणतात). पहिल्या क्रमांकाचा फोटो भिंतीएवढा मोठा करून इस्पितळाच्या लांबलचक व्हरांड्यात, रुग्णांच्या मनःशांतीसाठी, कायमचा लावला जाणार होता. साडूंना दर वर्षी उत्तेजनार्थ मिळत आले आहे. आता त्यांना आणखी उत्तेजन सोसवत नव्हते. "या वेळी नाही जमलं ना दादा," ते मला म्हणाले, "तर कॅमेरा विकून टाकतो." हे ते दर हिवाळ्यात म्हणतात, पण या वेळी आवाज खरोखर कापत होता. थंडीही होती म्हणा.

मंडळाने मग रीतसर कार्यपद्धती ठरवली. एका सदस्याने टाळी वाजवावी. टाळी सौम्य असावी. सौम्य टाळीने पक्षी न उडाल्यास टाळीतील सौम्यता टप्प्याटप्प्याने कमी करावी. तरीही न उडाल्यास ढेकूळ फेकावे. मात्र ते पक्ष्याला लागू नये, अगदी जवळ पडावे, कारण मंडळ हिंसेच्या विरोधात आहे. ज्यांचा फोटो हलला त्यांच्यासाठी पक्षी पुन्हा उडवावा. उशिरा आलेल्यांवर अन्याय नको म्हणून पुन्हा उडवावा. ऊन वर आल्यावर पंखांतून प्रकाश आरपार येतो, तेव्हा तर उडवावाच. मंडळाने केलेल्या पाहणीनुसार, पक्षी उडवल्याने दहापैकी नऊ सदस्यांना आनंद होतो. दहाव्याच्या लेन्सचे झाकण काढायचे राहिलेले असते.

टाळ्यांच्या आवाजाने मेव्हणी जागी झाली.

"अहो, कुणाचा सत्कार आहे?"

"अगं, त्याला उडवतोय."

"का?"

"उडताना छान दिसतो."

"तो उडतच आलाय ना इथवर? तेव्हा बघायचा होतात."

"तुला नाही कळायचं ते."

"दमलाय तो. पाय बघा कसा लटपटतोय. आयुष्य गेलं माझं दमलेली माणसं बघण्यात."

"तो माणूस नाहीये."

"तेच तर. माणूस असता तर एव्हाना शिव्या दिल्या असत्या."

अध्यक्ष पुढे झाले. पेशंटची दाढ उपटण्याआधी जो आवाज लावतात, तो त्यांनी लावला. "ताई, थोडं फिरवलं की भूक चांगली लागते त्याला."

"लागली की! मघापासून चिखलात चोच घालतोय बिचारा. खाऊ द्या ना मग."

"खाताना मान खाली जाते हो," अध्यक्ष म्हणाले, "चेहरा येत नाही."

यावर मेव्हणीने काय उत्तर दिले ते माझ्या थर्मासचे झाकण त्याच वेळी करकरल्यामुळे ऐकू आले नाही, असे मी अध्यक्षांना नंतर सांगितले.

असे रोज चालले. हळूहळू पक्ष्याची भरारी आखूड होऊ लागली. आधी तो पलीकडच्या काठाला जायचा, मग मधल्या उंचवट्यापर्यंत, मग नुसता दोन उड्या मारायचा. आणि एका सकाळी टाळ्या झाल्या, ढेकळे झाली, तरी तो हललाच नाही. सदस्य पुढे सरकले. तो जागचा हलेना. आणखी पुढे सरकले. त्याने फक्त डोळा मिटला आणि उघडला.

अध्यक्षांनी डोक्यावरची टोपी काढली. "मंडळी," ते म्हणाले, "याची भीड चेपली. त्यानं आपल्याला आपलं मानलं." काही सदस्यांनी चष्मे काढून पुसले. रानातल्या जिवाचा विश्वास संपादन केल्याबद्दल मंडळाने स्वतःच्या अभिनंदनाचा ठराव जागच्या जागी मंजूर केला आणि प्रदर्शनात 'विश्वास' नावाचा नवा गट काढला, ज्यात पक्षी उडण्याची अट नव्हती.

तेवढ्यात मेव्हणी स्टुलावरून उठली. अंगात लाल स्वेटर, पायात इस्पितळातले पांढरे बूट. ती सरळ चिखलात शिरली, पक्ष्याच्या आणि आमच्या मध्ये उभी राहिली आणि म्हणाली, "भेटायची वेळ संपली. पेशंटजवळ गर्दी करू नका. चला, सगळे बाहेर!"

आश्चर्य म्हणजे सगळे बाहेर झाले. अध्यक्ष तर "सॉरी सिस्टर" म्हणून गेले. त्या आवाजात काय असते कोण जाणे. उघड्यावर उभे असूनही दोघांनी दार शोधले.

"अगं, बाजूला हो!" साडू ओरडले. "सगळ्यांच्या फोटोत तू येतेस!"

"येऊ द्या. लग्नाच्या अल्बमनंतर पहिल्यांदाच येतेय."

ती सकाळभर उभी राहिली. तिच्या पाठीमागे पक्षी थोडा झोपला, थोडे खाऊन पुन्हा झोपला. तिलाही उभ्या उभ्या डुलकी लागत होती, पण ती हलली नाही. मंडळाच्या इतिहासात ही सकाळ वाया गेली अशी नोंद आहे. त्या दिवशीच्या फोटोंमधून मेव्हणीला नंतर संगणकावर रीतसर पुसण्यात आले आणि तिच्या जागी लव्हाळे लावण्यात आले. लव्हाळे इतके खरे वाटतात, की त्यांनी एका सदस्याला उत्तेजनार्थ मिळवून दिले.

दुसऱ्या दिवशी मेव्हणीला सलग दुसरी पाळी करावी लागली, म्हणून ती आली नाही. साडू पोटावर सरपटत पक्ष्यापासून हातभर अंतरावर पोचले आणि त्यांनी त्याच्या डोळ्याचा फोटो काढला. नुसता डोळा. काळाभोर, ओला, लखलखीत. ते उठले तेव्हा ढसाढसा रडत होते. मी त्यांना चहा दिला.

तिसऱ्या दिवशी पक्षी नव्हता. 'पाहुण्याने परतीचा प्रवास मुदतीपूर्वी सुरू केला,' असे मंडळाने जाहीर केले. तो उभा राहायचा तिथे काही पिसे पडली होती आणि भोवती कुत्र्याच्या पावलांचे ठसे होते. कुत्र्यावरही त्याने विश्वास टाकला असावा. सदस्यांनी पिसांचे फोटो काढले. उजेड फार छान होता.

साडूंना पहिला क्रमांक मिळाला. भिंतीएवढा तो डोळा आता इस्पितळाच्या व्हरांड्यात आहे. खाली साडूंचे नाव ठळक अक्षरांत आहे. पक्ष्याच्या नावावर वाद असल्यामुळे तिथे रेघ आहे. मेव्हणी रोज रात्री त्याच्यासमोरून जाते. परवा मी तिला डबा द्यायला गेलो होतो, तर बाकावर बसलेले एक म्हातारे गृहस्थ तिला विचारत होते, "सिस्टर, त्या डोळ्यात मधे काय काळं काळं दिसतंय हो?"

"नातेवाईक आहेत," मेव्हणी न थांबता म्हणाली. "भेटायला आलेत."

मी जवळ जाऊन पाहिले. बुबुळात आमची अख्खी रांग उतरली आहे. अध्यक्ष, लेन्सा, टोप्या, आणि कडेला थर्मास धरलेला एक जण.

फोटो तुम्हीही पाहिला आहे. मध्यंतरी एका सकाळी 'सुप्रभात' असे लिहून तो तुमच्या फोनवर आला होता. तुम्ही जोडलेले हात पाठवलेत आणि दात घासायच्या आधी तो आणखी चार ठिकाणी पुढे पाठवलात. आता सवडीने पुन्हा उघडा आणि दोन बोटांनी तो डोळा मोठा करून बघा. आमची गर्दी जरा दाट आहे, पण तुम्ही आमच्या मागेच उभे आहात. टाचा उंच केल्यात तर दिसाल.