पाठकोऱ्या कागदावरचा कट

नाक असावं तर काशीनाथ सावे गुरुजींसारखं, असं सगळ्या डहाणू तालुक्याचं मत होतं. निदान सावे गुरुजींचं तरी तसं मत होतं, आणि ते तालुक्याच्या वतीनं सर्वांना सांगत असत!

चिकू नाकाशी धरून तो कोसबाडचा की घोलवडचा, हे ते सांगत. वाणगावच्या बाजारात मिरचीच्या पोत्यापाशी उभे राहून ती काल तोडली की परवा, यावर विकणारीशी वाद घालत. विकणाऱ्या बाईनं मिरची स्वतः तोडून आणलेली असली, तरी हे हटत नसत.

आता असं नाक नुसतं मिरच्यांवर वाया घालवायचं म्हणजे गुन्हाच! म्हणून दिवाळीपासून गुरुजींनी नवं काम हाती घेतलं होतं. पाईपमधून ओढायच्या विलायती तंबाखूची मिश्रणं चाखायची आणि त्यांना मार्क द्यायचे. या कामात दोन भागीदार होते. एक तलासरीच्या बँकेतला दर्शन आणि दुसरा डहाणू स्टेशनात तिकीट खिडकीवर बसणारा मनिष. दर्शनचा मेव्हणा आखातातून डबे पाठवी, मनिष कुठून कुठून पुड्या मागवी आणि निकाल गुरुजी देत. तिघांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप होता, त्याचं नाव ‘पाईपलाईन’. गुरुजींच्या पत्नी प्रभाताईंना वाटे, आपला नवरा नळपाणी योजनेत लक्ष घालतोय. त्या शेजारणींना तसं कौतुकानं सांगतही असत.

अडचण एकच होती. गुरुजी सायवनच्या पुढं एका पाड्यावरच्या शाळेत मुख्याध्यापक होते आणि येत्या शनिवारी डहाणूहून साहेब येऊन त्या शाळेच्या भिंतीवर ‘तंबाखूमुक्त शाळा’ अशी पाटी लावणार होते. ही पाटी गुरुजींनी चार वर्षं झटून मिळवली होती. त्यांची भाषणं ऐकून पाड्यावरच्या सात म्हाताऱ्यांनी विडी सोडली होती. आठवा गुरुजींना लांबून बघूनच पळायचा! गुरुजी स्वतः पाईप ओढतात हे कळलं असतं, तर पाटी तर गेलीच असती, पण त्या सात म्हाताऱ्यांनी मिळून गुरुजींचं काय केलं असतं याचा विचारही गुरुजी करत नसत.

म्हणून सगळा कारभार गुपचूप चाले. शाळेच्या आवारात नाव नाही. शाळा सुटल्यावर, स्कूटर वाणगावच्या रस्त्याला लावायच्या आधी, रोज नव्या आडजागी एक पाईप. मग चूळ भरायची, तीन वेलदोडे चावायचे आणि हातांना लिंबाची पानं चोळायची. एवढं करूनही संशय काही जाईना. शाळेत खिचडी शिजवणारी जमना नुसती शिंकली, तरी गुरुजींना वाटायचं, ‘हिला वास आला!’ मग ते दिवसभर तिच्याकडे तिरक्या नजरेनं बघत, आणि गुरुजी असे का बघतात म्हणून जमना त्यांच्याकडे तिरक्या नजरेनं बघे.

प्रत्येक मिश्रणाची नोंद ते एका वहीत करत. मराठीचे शिक्षक, तेव्हा नोंदी अस्सल मराठीत! इंग्रजी शब्दाला बंदी. फक्त एका शब्दाला प्रतिशब्द सुचला नाही. पान जाड कापलंय की बारीक, त्याला हे शौकीन लोक ‘कट’ म्हणतात. गुरुजींनी तो तेवढा तसाच ठेवला. पुढचं सगळं रामायण त्या दोन अक्षरांनी केलं.

सोमवारी सकाळी पोलीस पाटील जीवन शाळेत आला. मागे लडक्या होता, चेहरा उतरलेला.

“गुरुजी, अर्ज लिवून द्या ठाण्यात द्यायला. लडक्याची पावलीची गंजी जळली.”

“अरे! कधी?”

“शुक्रवारी, दिवे लागायच्या टायमाला. अख्खी गेली! एक काडी राहिली नाय.”

लडक्या खाली बघून म्हणाला, “दोन बैल हायेत, एक म्हस हाय. पावसापर्यंत काय घालू त्यांना?”

भाताची पावली म्हणजे पेंढा, वर्षभराचा चारा. गुरुजींना मनापासून वाईट वाटलं. “कोणावर संशय?” त्यांनी विचारलं. लडक्यानं जीवनकडे बघितलं. जीवननंच हळू आवाजात सांगितलं की धाकट्या भावाशी, लहान्याशी, बांधावरून भांडण झालं होतं. आग लागल्यापासून लहान्याच्या घरी कुणी पाऊल टाकलेलं नाही.

गुरुजींनी लेखणी उचलली. कागद वाया घालवणं त्यांच्या तत्त्वात बसत नसे, म्हणून त्यांनी वहीतलं एक पाठकोरं पान फाडलं. निदान पाठकोरं समजून फाडलं! आणि असा काही अर्ज लिहिला की वाचून जीवनच्या अंगावर काटा आला. ‘एखाद्या बेजबाबदार, व्यसनी इसमाने हे दुष्कृत्य केले असण्याची दाट शक्यता असून त्यास कडक शासन व्हावे.’ विडीकाडीवर बोलायची संधी गुरुजी सोडत नसत.

जीवन अर्ज घेऊन झेरॉक्स काढायला गेला. झेरॉक्सवाल्यानं कागद हातात घेतला, उलटा केला आणि विचारलं, “पाठपोट काढू का?”

“पाठीवर काय हाय?” म्हणून जीवननं बघितलं, आणि दुकानाच्या पायरीवर बसला.

मागे गुरुजींच्याच मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं होतं:

‘दर्शनचा कट. जाड. सहजी पेट घेत नाही, दोनदा काडी लावावी लागली. एकदा पेटला की थांबत नाही. पन्नास मिनिटांत सर्व जळून पांढरी राख. मागे काही शिल्लक नाही. फार समाधान वाटले. दहापैकी आठ.

मनिषचा कट. कोरडा. एका काडीत काम. पण धूर फार, लांबून कळतो. वस्तीजवळ नको. दहापैकी पाच.

पुढील बेत: दोन्ही कट एकत्र. मोकळी जागा, वारा पाहून. शुक्रवारी.’

जीवननं ते तीनदा वाचलं. मग खात्री करावी म्हणून प्रभाताईंना फोन लावला. “ताई, गुरुजी शाळा सुटल्यावर कुठं जातात?”

“पाईपलाईनच्या कामाला! रोज उशीर होतो हो त्यांना. तुमच्या गावासाठी किती राबतात!”

पाड्यावर पाईपलाईन नव्हती. येणार असं लोक नुसतं ऐकत होते! जीवननं फोन ठेवला आणि घाम पुसला.

मंगळवारी शाळा सुटल्यावर जीवन परत आला. दार लोटून घेतलं आणि गुरुजींच्या समोर बसला.

“गुरुजी, आमाला सगळं कळलंय.”

गुरुजींच्या हातातला खडू पडला. जमना! त्या शिंकेनंच घात केला!

“क… कोणी सांगितलं?”

“कोनी कशाला सांगाय पायजे? तुमचंच अक्षर हाय. किती जन हाव तुम्ही?”

“तिघंच,” गुरुजी पडेल आवाजात म्हणाले. “दर्शन तलासरीला बँकेत आहे. मनिष रेल्वेत.”

“म्हंजे सगळी सरकारी मानसं!”

“पण कामाच्या वेळेत नाही हो करत! मी तर शाळा सुटल्याशिवाय काडीला हात लावत नाही.”

“कवापासून चाललंय?”

“दिवाळीपासून.”

“आनि जागा?”

“रोज बदलतो. एकाच ठिकाणी केलं की लोकांना कळतं.”

जीवननं खुर्ची जरा मागे घेतली. “पन गुरुजी, याच्यात मिळतं काय तुमाला?”

गुरुजींना बरं वाटलं. इतके दिवस मनात दाबून ठेवलेलं कुणीतरी विचारत होतं! “काय सांगू जीवन, डोकं शांत होतं. सगळं हळूहळू जळत जातं, आपण नुसतं बघत बसायचं. शुक्रवारचं तर फारच सुंदर झालं!”

“सुंदर!”

“तू एकदा येऊन बघच.”

“मी? नको नको!” जीवन दारापर्यंत पोचला होता. “सोडून का नाय देत?”

“प्रयत्न केला रे. दोन दिवस पेटवलं नाही की हात थरथरतात. हे बघ, पाटी लागेपर्यंत कुणाला बोलू नकोस. प्रभाला तर मुळीच नको!”

जीवन घाईनं बाहेर पडला. गुरुजींनी सुटकेचा श्वास टाकला. भला माणूस! राग नाही, ओरडा नाही. त्या आनंदात त्यांनी वेलदोडेही दोनच खाल्ले.

बुधवारी शाळा सुटल्यावर जीवननं शाळेच्या ओसरीवर बैठक बोलावली, तेव्हा गुरुजींना वाटलं, पाटीच्या कार्यक्रमाची तयारी असणार. मांडवाचं बोलू म्हणत ते बाहेर आले. बघतात तो अर्धा पाडा जमलेला! त्यात ते सातही म्हातारे. लडक्या आणि त्याची बायको जानी पुढे बसली होती. लहान्या लांब, बोअरिंगच्या कट्ट्यावर एकटाच. जमनानं सगळ्यांना चहा दिला, गुरुजींना दिला नाही. लहान्यालाही दिला नाही.

जीवननं उभं राहून तो कागद वाचायला घेतला. ‘दर्शनचा कट’ इथपर्यंत गुरुजी स्वतःच्या भाषेवर खूश होते. ‘मनिषचा कट’ आला तसे ते सावध झाले. ‘शुक्रवारी’ हा शब्द आला आणि जानी एकदम रडायला लागली.

“गुरुजी, आमी तुमचं काय वाकडं केलं होतं? माझी दोन पोरं तुमच्याच हाताखाली शिकली. आमची पावली जाळाया तिघांनी कट केलात?”

तेव्हा कुठं गुरुजींच्या डोक्यात उजेड पडला! आणि उजेड पडला तसा घामही फुटला. कारण आता दोनच वाटा होत्या. कट कबूल केला तर ठाणं आणि तंबाखू कबूल केली तर पाटी. खरं सांगायचं तर गुरुजींनी थोडा वेळ ठाण्याचाही विचार केला. तिथं निदान ते सात म्हातारे नव्हते.

“ही तंबाखू आहे!” शेवटी ते ओरडले.

कुणालाच कळलं नाही.

“तंबाखू! मी पाईप ओढतो! कट म्हणजे कारस्थान नव्हे, तंबाखूचा काप! तिची चव बघतो आणि मार्क देतो!”

“तुमी? तंबाखू?” सातांतला सगळ्यात म्हातारा पांड्या उठून उभा राहिला. “गुरुजी, आग लावली म्हनालात तर मी मानीन. तंबाखू मानायचा नाय!”

सगळ्यांनी माना डोलावल्या. चार वर्षांच्या मेहनतीचं इतकं कडू फळ कुणालाच मिळालं नसेल! त्यांना स्वतःचं व्यसन सिद्ध करावं लागलं. त्यांनी जेवणाचा डबा उघडला, वरच्या कप्प्यातून पाईप काढला, खालच्या कप्प्यातून तंबाखूची पुडी काढली आणि जमनाच्या हातात दिली. जमनानं हुंगली, चिमूटभर दाताला लावून बघितली आणि थुंकली.

“तंबाखूच हाय,” ती म्हणाली. “माझी मशेरी करपते तवा असाच वास येतो.”

“करपलेली नाही ती! धुरावर मुरवलेली आहे!” अशा प्रसंगीही गुरुजींना राहवलं नाही.

जीवनच्या मनातून मात्र संशय जाईना. “मानलं. मग शुक्रवारी काय केलंत ते दाखवा. वहीत असंल ना?”

“असेल म्हणजे? आहेच!” गुरुजींनी वही उघडली आणि वर्गात कविता म्हणावी तशा आवाजात वाचायला लागले. “शुक्रवार. दर्शनचा व मनिषचा कट, समप्रमाणात. आरंभी मधाचा गोडवा, मग भाजलेल्या काजूची आठवण, आणि शेवटी ओल्या मातीचा मंद दरवळ…”

लोक ऐकू लागले. जानीचंही रडणं थांबलं. पाड्यावर असं काही कुणी वाचलं नव्हतं. आपण सुटलो, हे गुरुजींच्या लक्षात आलं. आवाज चढला, हात हलायला लागला, आणि नजर सवयीनं पुढच्या ओळीवर गेली.

गुरुजी थांबले.

“वाचा ना,” जीवन म्हणाला.

ती ओळ गाळता आली असती. वही त्यांच्या हातात होती, अक्षर त्यांचं होतं आणि पाडा खूश होता. गुरुजींनी वर बघितलं. लहान्या अजून बोअरिंगच्या कट्ट्यावर मान खाली घालून बसला होता. पाच दिवस झाले होते, त्याला कुणी चहासुद्धा विचारला नव्हता. गुरुजींना फार लाज वाटली. तंबाखूची वाटली होती त्याहून किती तरी जास्त.

“स्थळ…” त्यांनी ओळीवर बोट ठेवलं. “स्थळ, लडक्याच्या खळ्यामागे. वारा बरा. समोरून कोणी येताना दिसल्याने घाई केली व पाईप कुंपणाच्या खांबावर आपटून राख तिथेच झटकली.”

सगळ्यांनी लडक्याकडे बघितलं. खांबाच्या पलीकडे गंजी होती, हे सगळ्यांना माहीत होतं.

जानीनं डोळे पुसले. “म्हंजे कट नव्हताच?”

“नव्हता.”

“तुमी एकल्यानंच जाळलीत?”

“हो,” गुरुजी म्हणाले. “चारा मी आणून देईन. स्कूटरवर भारे बांधून आणीन, पावसापर्यंत. आणि साहेबांनाही सांगतो, पाटी नको म्हणून.”

लडक्या उठला. सगळ्यांना वाटलं, आता हा गुरुजींवर धावून जातो. पण तो सरळ बोअरिंगकडे गेला आणि लहान्याच्या शेजारी बसला. लहान्यानं थोडं सरकून जागा करून दिली. जमना दोघांसाठी चहा घेऊन गेली.

दोन घोट घेऊन झाल्यावर लडक्यानं तिथूनच विचारलं, “गुरुजी, त्या शुक्रवारच्याला मार्क किती दिलेत?”

“साडेनऊ.”

“अर्धा का कापलात?”

गुरुजींनी वहीत बघितलं आणि वही मिटली.

“शेवटी जरा लवकर विझला, असं वाटलं म्हणून.”