शालिकभाऊंचा कोठा

कुणाच्या घरी गेलं की माणूस आधी पाणी पितो, मग खुशाली विचारतो. आमचे मुर्री गावचे शेजारी शालिकभाऊ थेट मागच्या दाराने गोठ्यात जातात आणि तिथे आडवे होतात. गाईच्या शेजारी, तणशीवर, डोळे मिटून. थोड्या वेळाने पाठ झटकत बाहेर येतात आणि यजमानाला निकाल सांगतात, "हवा बराबर नाही जी तुमच्या कोठ्यात. गाय बोलत नाही, म्हून चालून राहिलं."

एकदा एका साखरपुड्यात त्यांनी हेच केलं. मुलीचा बाप चहा घेऊन गोठ्यात उभा, आणि हे डोळे न उघडता म्हणतात, "उतार उलटा आहे."

या सगळ्याचं कारण म्हणजे वादळात त्यांचा स्वतःचा गोठा, त्यांच्या भाषेत कोठा, आडवा झाला होता. तेव्हापासून त्यांची गाय चंद्री सपरीत, म्हणजे पुढच्या पडवीत राहत होती आणि पाहुण्यांच्या खुर्च्या अंगणात. नवा कोठा कसा बांधावा यावर भाऊ मोबाइलवर व्हिडिओ पाहत. अंगणात चुन्याने नकाशे आखत, पुसत, पुन्हा आखत.

एका सकाळी मला हाक मारून म्हणाले, "मास्तर, गाई तोंडाकडे तोंड करून बांधाव्या का शेपटीकडे शेपटी?"

"भाऊ, गाय एकच आहे. ती कोणाकडे तोंड करणार?"

"हेच तं अवघड आहे ना बाप्पा! व्हिडिओवाले एका गाईचं काही सांगूनच नाही राहिले."

पावसाळा तोंडावर आला, तरी कोठा चुन्यातच. गवंडी रोज येऊन परत जायचा. शेवटी तो वैतागून म्हणाला, "काका, एक काम करो. गाय से ही पूछ लो."

त्याने थट्टा केली होती. भाऊंनी चंद्रीचं दावं सोडलं.

ती चुन्याच्या रेघा तुडवत, तुळशीचा वास घेत घराला वळसा घालून गेली आणि भाऊंच्या झोपायच्या खोलीच्या भिंतीला पाठ टेकून बसली. भाऊ तिच्याजवळ जाऊन उभे राहिले. मग गवंड्याला म्हणाले, "इथंच बांध. अन् या भिंतीत एक खिडकी पाड."

"काका, घर में मच्छर आएंगे. बास आएगी."

"येऊ दे."

पाऊस लागायच्या आत कोठा उभा राहिला. मी पाहायला गेलो. उतार बरोबर, हवा मोकळी, गव्हाण चंद्रीच्या गळ्याच्या मापाची. भाऊंनी मला आतल्या खोलीत नेलं. खाट त्या नव्या खिडकीला लावलेली होती. पलीकडे चंद्री रवंथ करत होती.

"तुमची वहिनी होती तं रातभर बांगड्या वाजवत, खोकत राहे," भाऊ खाटेवर बसत म्हणाले. "मी कावत राहो, झोपू दे म्हणून. आता ती गेली, तं घर असं गपचीप झालं का झोपच येत नाही. हिचा आवाज असला का वाटते, आहे कोनी."

 मी व्यवहाराचं बोललो, "भाऊ, खिडकीला निदान जाळी तरी लावा."

"जाळी कायले?" भाऊ म्हणाले. "मंग माझा हात कसा पोचन तिच्यापाशी?"