परबाची दोरी

परब 'जोड' म्हणत नाही. दोन वस्तू एकमेकींना लावायच्या म्हटलं की त्याचं एकच, कॉन्कॅटिनेट. नळवाल्यालासुद्धा म्हणाला, "हा पाइप त्याला कॉन्कॅटिनेट कर." नळवाला म्हणाला, "काका, सॉकेट टाकू की नको, तेवढं बोला."

दहिसरच्या आमच्या चाळीत माझ्यापासून एक खोली सोडून त्याची खोली. मधली कायम बंद. कचेरीत टायपिस्ट होता, लग्न केलं नाही. कुठल्याशा कागदावर त्याला हा शब्द भेटला आणि त्याच्याशीच त्याने संसार मांडला. मी चौथी शिकलेला. म्हटलं, "गिरणीत मी जन्मभर तुटलेले धागे सांधले, मला कधी इंग्रजी लागलं नाही."

"ते सांधणं रे, गावडे. त्यात दोन धाग्यांचा एक होतो. यात साखळी होते. कडीत कडी अडकते, पण प्रत्येक कडी आपली अख्खीच राहते."

"झालं तुझं? चहा पी."

चहा सुमन द्यायची. माझी बायको. ती तो शब्द न अडखळता म्हणायची, म्हणून परब तिला शाबासकी द्यायचा. मला कधी दिली नाही. श्रावणात ती गेली.

तेराव्याची माणसं पांगली तसा परब नायलॉनची दोरी घेऊन आला. सांत्वन वगैरे काही नाही. बंद खोलीवरून खिळे ठोकत त्याने दोरी माझ्या खिडकीपासून त्याच्या खिडकीपर्यंत नेली. दोन्ही टोकांना घंटी.

"सकाळी उठलो की मी ओढणार. मग तू ओढायचं. कॉन्कॅटिनेट."

"मी काय बैल आहे, घंटी बांधायला?"

पहिल्याच दिवशी कुणीतरी दोरीवर परकर वाळत घातला आणि वारा दिवसभर आम्हाला उठवत राहिला.

महिनाभर ओढली. मग एका सकाळी काहीच करावंसं वाटेना. घंटी वाजली, मी पडून राहिलो. परत वाजली. मग दारावर थापा. उघडलं तर परब बनियनवर, एका पायात चप्पल. इंग्रजी गेलेलं, मालवणी वर आलेली.

"जितो आसस मां रे?"

"दिसत नाही? दोरी ओढली नाही एवढंच."

तो उंबऱ्यावरच बसला. बराच वेळ धापा टाकत होता. मग म्हणाला, "तुका बघूक मी इलंय. माका बघूक कोण येतलो?"

सुमन गेल्यापासून चाळीत माझंच काय ते दुःख, असं मी धरून चाललो होतो. चहा टाकला.

दुसऱ्या दिवशी त्याच्या आधी मी ओढली. तिकडून लगेच ओढ आली. हात दोरीवरच ठेवून बसला असणार.