रुमालाखालचा सौदा

"आजी, कॅमेऱ्याकडे बघायचं नाही. आम्ही इथे नाहीच असं समजा," लीना म्हणाली.

"मंग मी बोलू कुनाशी?" छबूबाईंनी विचारलं.

घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात सकाळची गर्दी होती. लीना नगरहून छबूबाईंवर माहितीपट करायला आली होती, सोबत कॅमेरा सांभाळणारा राजस. नवरा गेल्यावर छबूबाई या बाजारात दलाली करायला उभ्या राहिल्या. बायका तेव्हा इथे फक्त भाकरी घेऊन यायच्या. रुमालाखाली हातात हात घ्यायचा आणि बोटं दाबून भाव सांगायचा, ही पुरुषांची रीत. ती छबूबाईंनी अशी उचलली, की जुने व्यापारी त्यांच्याकडूनच सौदा करून घ्यायला यायचे. हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. वय झाल्यावर त्यांनी बाजार सोडला आणि लोक विसरून गेले.

आज तसा एक सौदा कॅमेऱ्यासमोर करून दाखवायचा होता. म्हैस छबूबाईंच्या मुलाची, रामहरीची. गोठ्यातली सगळ्यात दुभती. गिऱ्हाईक व्हायला त्याचा मित्र सूर्यभान येणार होता; लीनाने त्याला कधी बघितलं नव्हतं. तो आला नाही म्हणून रामहरी त्याला शोधायला गेला.

तेवढ्यात पांढऱ्या टोपीतला एक माणूस म्हशीभोवती फिरला, कास बघितली आणि म्हणाला, "मावशी, द्यायची का?"

"राजस, सूर्यभान आले. चालू कर," लीना कुजबुजली आणि मोठ्याने म्हणाली, "काका, कॅमेऱ्यासाठी नाव-गाव सांगा ना."

"कानिफनाथ. देवळाली प्रवरा."

"बघ, पात्राला नाव-गावसुद्धा ठरवून आलेत," लीना खूश झाली.

छबूबाईंना वाटलं, सूर्यभानऐवजी हा माणूस लीनाने धाडलाय. त्यांनी रुमाल टाकला. पण खोटा भाव सांगायची त्यांच्या बोटांना सवयच नव्हती. रुमाल हलत राहिला. कानिफनाथने मान हलवली, छबूबाईंनी हात सोडवून घेतला, परत धरला. त्यांचा चेहरा बघता बघता तरुण झाला. शेवटी दोघेही हसले. कानिफनाथने आतल्या खिशातून नोटांचं पुडकं काढून दिलं आणि म्हैस टेम्पोत चढवली.

"आजी, थांबवू नका! टेम्पो दिसेनासा होईपर्यंत घेऊ," लीना म्हणाली.

टेम्पो दिसेनासा झाला. आणि रामहरी आला, सूर्यभानला घेऊन.

"आये, म्हस कुठं हाय?"

लीनाने सूर्यभानकडे बघितलं. "हे सूर्यभान? मग ते कोण होते?"

छबूबाईंनी पुडकं उघडून नोट उन्हात धरली. "खरी हाय की गं!"

"आये, आता घरी बायकोला काय सांगू?" रामहरी म्हणाला.

"आत्ता जाते आणि त्यांना सांगते, हे शूटिंग होतं," लीना गाडीची किल्ली काढत म्हणाली.

"न्हाई सांगायचं," छबूबाई म्हणाल्या. "रुमालाखाली दिलेला शब्द मी कधी फिरवला न्हाई. तूच तर तसं सांगनार हाय ना सिनेमात?"

"पण आजी, तो खरा सौदा नव्हता!"

"त्याच्या बाजूनं खराच हुता."

दुपारभर हाच वाद चालला. रामहरी हात जोडून म्हणाला, "आये, म्हस परत आन. मंग कुनाला काय सांगायचं ते तुजं तू बघ." छबूबाईंनी पुडकं पिशवीत टाकलं आणि त्या गाडीत जाऊन बसल्या.

देवळाली प्रवरेत कानिफनाथचं घर शोधावं लागलं नाही. म्हैस अशी रेकत होती, की आवाजावरूनच गाडी गोठ्याशी पोचली. दूध काढायची वेळ झालेली. बादली आडवी पडली होती, कानिफनाथ मांडी चोळत उभा होता आणि त्याची बायको रतनबाई कमरेवर हात ठेवून बोलत होती.

"लई हौस ना बाजाराची? आता तुमीच पिळा तिला!"

रामहरीला बघताच म्हैस गप्प झाली. तो पुढे होणार, तोच छबूबाईंनी त्याला हाताने मागे सारलं.

"कानिफनाथ, म्हस इकायची हाय का?"

"मावशी, सकाळी तुमीच तर इकली."

"सकाळी इकायला आले हुते. आता घ्यायला आलेय."

"देऊन टाका," रतनबाई म्हणाली.

"तू जरा थांब गं."

"थांबू कशाला? देऊन टाका म्हनते ना!"

छबूबाईंनी शांतपणे रुमाल टाकला. राजसने कॅमेरा चालू केला. कानिफनाथने मान हलवली, मागून रतनबाईने बादली आपटली. त्याने पुन्हा मान हलवली, म्हशीने पाय उचलला. रुमालाखाली बोटं हलत राहिली. लीना श्वास रोखून बघत होती. सकाळी तिला हवं होतं ते सगळं आता समोर होतं, आणि कुणीच कॅमेऱ्याकडे बघत नव्हतं. शेवटी कानिफनाथने सुस्कारा सोडून हात काढला. सौदा झाला, छबूबाईंनी पैसे मोजून दिले. रतनबाईने लगेच सगळ्यांना चहा केला, तोही भरपूर साखर घालून.

म्हैस त्याच टेम्पोत परत चढली. छबूबाईंनी पिशवीतून नोटा काढून रामहरीच्या हातात ठेवल्या.

"हे काय?"

"उरलं."

"उरलं कसं?"

"भाव कुनाला सांगायचा नसतो," म्हणत छबूबाई गाडीत जाऊन बसल्या.

रामहरीने नोटांकडे बघितलं, म्हशीकडे बघितलं. दिवसभर लीनाशी एक शब्द न बोललेला तो माणूस हळूच तिच्या खिडकीशी आला.

"ताई," तो म्हणाला, "पुढच्या बाजाराला शूटिंग हाय का न्हाई?"