परत केलेला नारळ

परदेशी कंपनी गावात कशी मुरवायची, हे मला विचारा! निदान मागच्या महिन्यापर्यंत तरी विचारायला हरकत नव्हती.

मी तन्वीर, कसबा पेठेतला. वाघोलीतल्या एका डॅनिश कारखान्यात स्थानिक संबंध अधिकारी, पण अजून कच्चा. पक्कं व्हायला एकच अट होती. कारखान्याचे ट्रक शेजारचे जमीनदार रावसाहेब यांच्या खाजगी रस्त्यावरून जात. दोन वर्षं त्यांनी ते फुकट, नुसत्या शब्दावर जाऊ दिले. मला त्यांची लेखी परवानगी आणायची होती. "आमच्या पोरीचं, पूर्णिमाचं लगीन हुंद्या, मग सही," असं ते म्हणाले होते.

मी आमच्या कारखान्याच्या डॅनिश मॅनेजरना, येन्स साहेबांना, लग्नाला नेलं. माइकवरून त्यांचं नाव पुकारलं, टॉवेल-टोपी आणि नारळ देऊन सत्कार झाला. साहेब लहान मुलासारखे खूश! मीच म्हटलं, फोटो हेड ऑफिसला पाठवा, कळू दे त्यांना आपण किती आपले झालोय.

हेड ऑफिसला कळलं. ज्यांच्याशी व्यवहार चालू आहे त्यांच्याकडून फुकट काही घ्यायचं नाही आणि घेतलंच तर चोवीस तासांत पत्रासह परत करायचं, हा नियम त्यांनी कळवला. मानाचा नारळ परत करणं म्हणजे अपमान, हे मी परोपरीने समजावलं, पण साहेबांनी परत करायचा टॉवेल इस्त्रीला दिलासुद्धा. नारळ त्यांनी मला दिला होता आणि माझ्या बायकोने, जुबेदाने, त्याची चटणी वाटली होती. मी बाजारातून दुसरा आणला.

सगळं घेऊन मीच गेलो. पाहुण्यांनी भरलेल्या घरात रावसाहेबांनी पत्र वाचून घेतलं. मग नारळ हातात फिरवला.

"ह्यो आमचा न्हाई."

मी चटणीचं सांगून टाकलं.

"चला, तेवढा तरी गोड लागला," ते म्हणाले. "तन्वीरभाऊ, रस्ता बी आम्ही फुकटच दिलाय. त्यो बी नियमात बसतोय. चोवीस तासांत परत करा."

हे ऐकून येन्स साहेब चिडतील, भांडतील, असं वाटलं होतं. त्यांनी नियमावली काढली, दोनदा वाचली आणि रावसाहेबांचं बरोबर आहे म्हणाले.

आता ट्रक सहा किलोमीटरचा वळसा घालतात. भेटवस्तूंच्या फॉर्मवर नोंद आहे: टॉवेल एक, टोपी एक, नारळ एक (बदली), रस्ता एक. सर्व परत.

खाली स्थानिक संबंध अधिकारी म्हणून माझी सही आहे. त्या कंपनीतली शेवटची.